प्रतिकारशक्तीची पावडर, काढे आणि कॅप्सूल : घेण्याआधी काय पाहावे?

पावसाळा सुरू झाला की सातारा-सांगलीकडच्या मोबाईल ग्रुपवर दोन गोष्टी हमखास फिरू लागतात. एक म्हणजे आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पाणीपातळी आणि दुसरी म्हणजे इम्युनिटी वाढवणाऱ्या काढ्याची कृती. पहिल्या बातमीची आपण खात्री करून घेतो, चार ठिकाणी विचारतो. दुसरी मात्र न विचारता चुलीवर चढते. कोरोनाच्या काळात तर गुळवेल, अश्वगंधा, हळद, कलौंजी, च्यवनप्राश यांनी घराघरात कपाट भरलं. साथ गेली, पण डबे राहिले, आणि ते विकणारेही राहिले.

या वनस्पती वाईट आहेत असं आम्ही म्हणत नाही. आपल्या दादी-नानीने आयुष्यभर वापरलेल्या वस्तू आहेत त्या. पण स्वयंपाकघरातली चिमूट आणि कॅप्सूलमधला अर्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चिमूट अन्न म्हणून पोटात जाते. अर्क औषध म्हणून जातो. म्हणून औषधाला जे प्रश्न विचारतो तेच याला विचारले पाहिजेत: कुणी बनवलं, किती घ्यायचं, आणि कुणी घेऊ नये. या लेखात तीच माहिती एकत्र दिली आहे.

प्रतिकारशक्ती म्हणजे नक्की काय?

प्रतिकारशक्ती हा एखादा हंडा नाही, की वरून ओतलं आणि भरला. रक्तातल्या पांढऱ्या पेशी, त्यांनी बनवलेली प्रतिद्रव्यं, त्वचा, आतडं, नाकातला ओलावा, ताप येणं, हे सगळं मिळून ती बनते. ती कमी पडली तर जंतू वरचढ होतात, हे खरं. पण ती गरजेपेक्षा जास्त पेटली तरी त्रास होतो. दमा, संधिवाताचा आमवात हा प्रकार, काही थायरॉईडचे आजार, यांत शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच अवयवांवर उलटते किंवा साध्या धुळीवरही धावून जाते. त्यामुळे 'इम्युनिटी वाढवा' हा सल्ला प्रत्येकासाठी चांगलाच असतो असं नाही. हवी असते ती समतोल यंत्रणा.

युनानी तिब्ब हेच दुसऱ्या शब्दांत सांगते. शरीराला सांभाळणाऱ्या आतल्या शक्तीला हकीम 'तबीयत' म्हणतात, आणि हकिमाचं काम त्या तबीयतीला मदत करणं एवढंच. त्यासाठी तो नब्ज पाहतो, मिजाज पाहतो, वय, ऋतू, खाणं-पिणं विचारतो. एकाला गरम मिजाजाची वस्तू चालते, दुसऱ्याला चालत नाही. मग घरातल्या सहा जणांना, अब्बांपासून पाच वर्षांच्या मुलापर्यंत, एकाच डब्यातला एकेक चमचा देणं हे डॉक्टरांच्या शास्त्रात तर बसत नाहीच, हकिमांच्या शास्त्रातही बसत नाही.

जुनं आहे म्हणून सिद्ध झालं का?

विकणारे म्हणतात, 'हजारो वर्षांपासून वापरात आहे.' यावर हळदीचाच एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीने जखम भरण्याच्या उपयोगावर पेटंट दिलं गेलं. भारताच्या सीएसआयआर या संस्थेने, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे महासंचालक असताना, त्याला आव्हान दिलं. हा उपयोग आमच्याकडे आधीपासून माहीत होता हे दाखवण्यासाठी ३२ जुने संदर्भ मांडले, त्यात संस्कृत आणि हिंदीबरोबर उर्दू मजकूरही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. अभिमानाची गोष्ट आहे. पण त्यातून सिद्ध काय झालं, ते नीट बघा. हा उपयोग जुना आहे, एवढंच. किती हळद, कुणाला, किती दिवस, आणि खरंच किती फायदा, हे वेगळे प्रश्न. त्यांची उत्तरं माणसांवरच्या नीट केलेल्या चाचण्यांतूनच मिळतात.

एकेक वस्तू

*हळद.* सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हरिपूर भागातल्या जमिनीखालच्या पेवांत ती वर्षानुवर्षं साठवली जायची, २००५ च्या महापुरात त्या पेवांचं मोठं नुकसान झालं. हळदीतला मुख्य घटक करक्युमिन. हळदीच्या पावडरीत तो साधारण ३ टक्क्यांच्या आसपास असतो. हिशोब करू. अर्धा चमचा हळद म्हणजे सुमारे दीड ग्रॅम, त्यात करक्युमिन सुमारे ४५ मिलिग्रॅम. बाजारातल्या ९५ टक्के अर्काच्या ५०० मिलिग्रॅमच्या एका कॅप्सूलमध्ये ४७५ मिलिग्रॅम. म्हणजे एक कॅप्सूल दहा पेले हळदीच्या दुधाएवढी झाली.

शिवाय करक्युमिन शरीरात फार कमी शोषलं जातं, म्हणून कंपन्या त्यात मिऱ्याचा अर्क घालतात. १९९८ मध्ये बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधनात २० मिलिग्रॅम पिपरीनमुळे हे शोषण २० पट वाढल्याचं दिसलं. फायदा वाढतो तसा धोकाही वाढतो. अमेरिकेत यकृताच्या इजेची नोंद ठेवणाऱ्या डॉक्टरांच्या गटाने २०२२ मध्ये हळदीच्या सप्लिमेंटमुळे यकृत बिघडलेल्या १० रुग्णांची माहिती दिली. त्यांतल्या ५ जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं, एकाचा मृत्यू झाला. भाजीतल्या हळदीची गोष्ट ही नाही. ती खुशाल खा.

*गुळवेल.* उर्दू-हिंदीत गिलोय. कोरोनात हिचे वेल लोकांनी कुंपणावरून तोडून आणले. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईत गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले ६ रुग्ण डॉक्टरांनी नोंदवले, ते २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. त्यांचं म्हणणं, गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी जात चुकून वापरली गेली असू शकते. त्यानंतर २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांची माहिती मांडली. त्यात यकृताचा आजार आधीपासून असलेल्यांची अवस्था सर्वांत वाईट झाली. वाद काहीही असो, घरासाठी दोन्हीकडून एकच धडा निघतो. ओळख पक्की नसलेला वेल तोडून उकळू नये. यकृताचा किंवा स्वतःच्याच पेशींवर हल्ला करणारा आजार असलेल्यांनी गुळवेलीपासून दूर राहावं.

*अश्वगंधा.* युनानीत असगंध. झोप आणि ताणासाठी थोडाफार फायदा काही लहान चाचण्यांत दिसला आहे, पण प्रतिकारशक्तीबद्दल ठोस सांगता येईल असं नाही. थायरॉईडचं प्रमाण वाढू शकतं, यकृताला इजा झाल्याचीही उदाहरणं आहेत. डेन्मार्कने २०२३ मध्ये अश्वगंधेवर बंदी घातली. गरोदर बायकांनी ती घेऊ नये.

*कलौंजी.* आपल्या घरांत हिचं स्थान वेगळं आहे, कारण हदीसमध्ये तिचा उल्लेख शिफा म्हणून येतो. त्या श्रद्धेने कलौंजी खाण्यात काही गैर नाही. मात्र तेवढ्याने दुकानातल्या प्रत्येक तेलाच्या बाटलीवर शिक्का बसत नाही. ते तेल कुणी काढलं, त्यात दुसरं तेल किती, हे बाटलीवर लिहिलेल्या 'सुन्नत' या शब्दावरून कळत नाही. संशोधनात कलौंजीने साखर आणि रक्तदाब थोडा कमी होतो असं दिसलं आहे. म्हणूनच शुगर-बीपीच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना सांगून घ्यावी, नाहीतर साखर एकदम खाली जाऊ शकते. कोरोनात पाकिस्तानमध्ये मध आणि कलौंजी देऊन ३१३ रुग्णांवर चाचणी झाली आणि निकाल चांगला आला. पण एका चाचणीवर इमारत उभी राहत नाही.

*मध.* महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर हे २०२२ मध्ये देशातलं पहिलं 'मधाचं गाव' ठरलं. शुद्ध मध आपल्या शेजारीच मिळतो. मोठ्यांच्या आणि एक वर्षावरच्या मुलांच्या खोकल्याला मधाने आराम पडतो, याला बऱ्यापैकी आधार आहे. पण डिसेंबर २०२० मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या दिल्लीच्या संस्थेने १३ ब्रँडचे मध तपासले, तेव्हा त्यांच्या सर्व चाचण्यांत फक्त ३ उतरले.

आणि एक गोष्ट प्रत्येक घराने लक्षात ठेवावी: एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात देऊ नये. मधात एका जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना ते काही करत नाहीत, पण बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात, बाळ ढिलं पडतं, श्वासही बंद पडू शकतो. जन्मल्यावर घुट्टी म्हणून मध चाटवण्याची रीत आपल्याकडे आहे. तहनीकची रीत मूळची खजुराची आहे, मधाची नाही. ती करायची असेल तर तीही बाळाच्या डॉक्टरांना विचारूनच करावी.

*आवळा आणि च्यवनप्राश.* १०० ग्रॅम आवळ्यात साधारण २५० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं. मोठ्या पुरुषाची दिवसाची गरज ८० आणि बाईची ६५ मिलिग्रॅम. म्हणजे एक मध्यम आवळा किंवा अर्धा पेरू खाल्ला की झालं. त्याहून जास्त घेऊन सर्दी टळत नाही. कॉक्रेन या संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यात रोज क जीवनसत्त्व घेणाऱ्या मोठ्या माणसांची सर्दी सरासरी फक्त ८ टक्के लवकर बरी झाली. च्यवनप्राशात आवळ्याबरोबर साखरही भरपूर असते. शुगर असणाऱ्या अम्मीला सकाळी दोन चमचे च्यवनप्राश देताना हे विसरून चालणार नाही.

*काढा आणि जोशांदा.* २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ, मिरे यांचा काढा सुचवला होता. युनानीत बेहदाणा, उन्नाब, सपिस्तां यांचा जोशांदा. घशाला शेक मिळतो, पाणी पोटात जातं, बरं वाटतं. साताऱ्याच्या आल्याचा चहाही तेच काम करतो. दिवसातून एक-दोन वेळा, सर्दी असेपर्यंत, एवढं पुरे. महिनोन्‌महिने दिवसातून चार वेळा काढा प्यायल्याने कित्येकांना पित्त आणि पोटात आग सुरू झाली. जोशांद्यात आणि बऱ्याच काढ्यांत ज्येष्ठमध म्हणजे मुलेठी असते. ती रोज जास्त घेतली तर रक्तदाब वाढतो आणि रक्तातलं पोटॅशियम घटतं. बाजारातली स्वस्त दालचिनी बहुधा कॅसिया जातीची असते, तिच्यातला कुमारीन हा घटक जास्त प्रमाणात यकृताला बाधतो.

डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणी घेऊ नये?

- गरोदर बायका, दूध पाजणाऱ्या माता आणि लहान मुलं.
- कावीळ होऊन गेलेले, यकृत किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले.
- टीबीचं औषध चालू असलेले. टीबीच्या गोळ्यांचा भार यकृतावर आधीच असतो, त्यात गुळवेल-अश्वगंधेची भर नको. कावीळ झाली तर टीबीचं औषध मध्येच थांबवावं लागतं, आणि ते घराला फार महाग पडतं.
- शुगर, बीपी, थायरॉईड, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेले.
- किडनी बसवलेले किंवा प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबणारी औषधं घेणारे. त्यांच्यासाठी 'इम्युनिटी बूस्टर' हे उलटं औषध आहे.
- ऑपरेशन ठरलेले. हळद, लसूण, आलं यांचे अर्क रक्तस्राव वाढवू शकतात. निदान दोन आठवडे आधी ते बंद करून भूल देणाऱ्या डॉक्टरांना तसं सांगावं.

डॉक्टर विचारतात, 'कुठलं औषध चालू आहे?' तेव्हा आपले लोक 'काही नाही' म्हणतात, कारण जडीबुटीला कुणी औषध समजतच नाही. ही सवय बदलायला हवी. डबा पिशवीत घालून सोबत न्या.

यकृताची धोक्याची लक्षणं

भूक मरणं, सतत मळमळ, अंगाला खाज, उजव्या बरगडीखाली दुखणं, लघवी चहासारखी गडद होणं, डोळे पिवळे दिसणं. यातलं काही दिसलं तर सर्वांत आधी ती पावडर-कॅप्सूल बंद. मग त्याच दिवशी डॉक्टर आणि रक्ततपासणी. आपल्याकडे कावीळ म्हटलं की गावठी औषध आणायला धावतात. जडीबुटीने बिघडलेल्या यकृतावर आणखी एक अनोळखी जडीबुटी, याने जीव जाऊ शकतो. मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आणि साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय ही आपल्या हाताशी असलेली सरकारी ठिकाणं आहेत. तिथे जायला लाजू नका.

लेबल कसं वाचायचं?

एकच अश्वगंधा आपल्याकडे दोन कायद्यांखाली विकली जाऊ शकते. आयुर्वेदिक किंवा युनानी औषध म्हणून विकली तर १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा लागतो आणि लेबलवर उत्पादनाच्या परवान्याचा नंबर असतो. अन्नपूरक म्हणून विकली तर २००६ चा अन्नसुरक्षा कायदा लागतो, १४ आकडी एफएसएसएआय नंबर असतो आणि ते औषध म्हणून वापरण्यासाठी नाही असं लिहावं लागतं. म्हणजे पुढच्या बाजूला 'रोगांपासून संरक्षण' आणि मागे बारीक अक्षरात 'औषधी वापरासाठी नाही' असं असेल, तर खरं काय ते मागच्या बाजूला आहे.

डबा हातात घेतला की पाच गोष्टी बघा: परवाना किंवा एफएसएसएआय नंबर, बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता, बॅच नंबर आणि तारीख, प्रत्येक घटकाचं प्रमाण, आणि दिवसाची कमाल मात्रा. यांतलं एकही नसेल, नुसतं 'शंभर टक्के हर्बल, साइड इफेक्ट नाही' असेल, तर तो डबा घरात आणू नये. इंटरनेटवरून विकत घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी अमेरिकेत झाली, ती २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या जवळपास २१ टक्क्यांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. 'हर्बल' शब्दाने हे दिसत नाही.

जाहिरातींसाठीही कायदा आहे. शुगर, कॅन्सर असे आजार बरे करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयातल्या प्रकरणात पतंजली आयुर्वेदला वर्तमानपत्रांत जाहीर माफीनामा छापावा लागला. हीच फूटपट्टी आपल्या मोहल्ल्यातल्या, आपल्या ओळखीच्या, धर्माचं नाव लावून माल विकणाऱ्यालाही लावा. विकणारा सलाम करून आला म्हणून पावडर शुद्ध होत नाही.

हलालचा प्रश्न

कॅप्सूलचं कवच बहुतेक वेळा जिलेटिनचं असतं, आणि जिलेटिन गाय-बैल, डुक्कर किंवा माशापासून बनतं. अन्नपूरकाच्या डब्यावर मांसाहाराची तपकिरी खूण असेल तर प्राणिज घटक आहे एवढं कळतं, कुठला प्राणी ते कळत नाही. हिरवी खूण असेल तर कवच वनस्पतीचं असतं. घटकांत 'हायप्रोमेलोज' किंवा 'एचपीएमसी' लिहिलेलं दिसतं. आसव आणि अरिष्ट या आयुर्वेदिक प्रकारांत आंबवण्यामुळे आपोआप अल्कोहोल तयार होतं, ते लेबलवर लिहिलेलं असतं. ते घ्यावं की नाही यासाठी आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारावं, आणि विचारताना बाटली दाखवावी. मुलांना आणि यकृताच्या रुग्णांना मात्र ते वैद्यकीय कारणानेही नकोच.

मग प्रतिकारशक्ती वाढते कशाने?

याचं सर्वांत मोठं उत्तर झारखंडमधून आलं, आणि ते डब्यात नव्हतं. तिथे टीबीच्या २८०० रुग्णांच्या घरातल्या दहा हजारांहून जास्त माणसांवर एक मोठा अभ्यास झाला, तो २०२३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. निम्म्या घरांतल्या माणसांना सहा महिने जास्तीचं रेशन आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ७५० कॅलरी आणि २३ ग्रॅम प्रोटीन मिळेल एवढं धान्य आणि डाळ. त्या घरांत नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. भात आणि डाळ! कुठल्याही पावडरीच्या कंपनीला असा निकाल दाखवता आलेला नाही.

टीबीच्या रुग्णाला सरकारच्या निक्षय पोषण योजनेतून आता महिन्याला १००० रुपये मिळतात. ते अंडी, डाळ, शेंगदाणे, दूध यांवर खर्च झाले पाहिजेत. हातउसने काढून इम्युनिटीचा डबा आणणाऱ्या घरांत आम्हाला वर्गातली मुलं रिकाम्या पोटी आलेली दिसतात. तेव्हा वाटतं, तेवढ्या पैशात महिनाभर रोज अंडं झालं असतं.

दुसरं उत्तर लस. शरीराच्या संरक्षण यंत्रणेला नेमका शत्रू दाखवून तयार करणारी हीच एक गोष्ट आहे. २०२२ च्या हिवाळ्यात मुंबईच्या गोवंडीत, मालेगावात आणि भिवंडीत गोवरची साथ आली. मुलं दगावली. आजारी पडलेल्यांत लस न घेतलेल्या मुलांची संख्या मोठी होती, आणि त्या वस्त्यांत आपलीच घरं जास्त होती. गोवर एवढ्यावर थांबत नाही. २०१९ च्या संशोधनात दिसलं, की गोवर झालेल्या मुलांच्या शरीरातली आधीच्या आजारांविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिद्रव्यं पुसली गेली. गोवर-रुबेलाची लस ९ ते १२ महिन्यांत एक आणि १६ ते २४ महिन्यांत दुसरी, अंगणवाडीत आणि आरोग्य केंद्रात फुकट मिळते. हजला जाणारा प्रत्येकजण मेंदूज्वराची लस घेतो. अल्लाहच्या घरी जाताना लस चालते, तर मुलाला का नको?

तिसरं म्हणजे रोजचं जगणं. शुगर ताब्यात ठेवणं, तंबाखू-मिश्री सोडणं, सात तास झोप, चालणं, हात धुणं, उघडी खिडकी. रमजानमध्ये इफ्तारला नुसती भजी-सरबत न ठेवता खजूर, फळं, हरभरे, हलीम. सहरीला अंडं किंवा दही. सतत थकवा असेल तर रक्ततपासणीत हिमोग्लोबिन, ब१२ आणि ड जीवनसत्त्व बघून घ्यावं. कमतरता निघाली तर तिच्यावर नेमकी गोळी आहे, अंदाजाने घ्यायचं चूर्ण नको.

आपल्या भागात खरेदी कशी करावी?

हळद पावडर घेण्यापेक्षा हळकुंड घ्या आणि कांडपावर समोर दळून घ्या. फार चकचकीत, एकसारखं पिवळं हळकुंड दिसलं तर जपून. पिवळेपणासाठी हळदीला शिसं असलेला लेड क्रोमेट हा रंग चोळण्याचा प्रकार बांगलादेशात २०१९ मध्ये उघड झाला. तिथे सरकारने छापे टाकले, दंड केला आणि दोन वर्षांत बाजारातल्या नमुन्यांतून तो जवळपास नाहीसा झाला. शिसं मुलांच्या मेंदूला कायमचं नुकसान करतं. आलं, लसूण, आवळा, पेरू, शेवग्याची पानं हंगामात ताजी घ्या. मध खादी-ग्रामोद्योगाच्या विक्री केंद्रातून घ्या.

भेसळीची किंवा फसव्या लेबलची तक्रार महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाकडे १८००-२२२-३६५ या टोल-फ्री नंबरवर करता येते. औषधाचा दुष्परिणाम झाला तर १८००-१८०-३०२४ या नंबरवर नोंद करता येते. पक्की पावती आणि डबा जपून ठेवा.

शेवटी एक काम सांगतो, आजच करण्यासारखं. कपाटातले सगळे डबे, बाटल्या आणि कागदाच्या पुड्या जेवणाच्या दस्तरखानावर काढा. मुदत संपलेलं, लेबल नसलेलं, कुणी दिलं ते आठवत नसलेलं बाजूला करून टाकून द्या. उरलेल्यांची नावं कागदावर लिहा, शेजारी घरात कोण काय घेतं ते लिहा, आणि तो कागद अम्मी-अब्बांच्या दवाखान्याच्या फाईलमध्ये ठेवा. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी किंवा हकीमसाहेबांनी विचारलं, 'आणखी काही घेता का?' तर उत्तर फाईलमध्ये तयार असेल.